भीमबेटकाचं मोहोळ आणि गाळलेले दोन धडे

२०२१च्या फेब्रुवारीत भीमबेटकाचं नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकलं. भोपाळपासून पंचेचाळीस किलोमीटरवरचा हा डोंगर आपल्याला माहीत आहे तो शैलचित्रांसाठी. नीमचला जन्मलेल्या आणि उज्जैनला कर्मभूमी मानलेल्या विष्णु श्रीधर वाकणकरांनी १९५७ साली ती चित्रं जगापुढे आणली. २००३ मध्ये युनेस्कोने या जागेला जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्या फेब्रुवारीतली बातमी मात्र वेगळीच होती. तिथल्या ऑडिटोरियम गुहेत खडकावर पानासारखा एक ठसा काही भूवैज्ञानिकांच्या नजरेस पडला होता. मधोमध शीर, तिच्या दोन्ही अंगांना फासळ्यांसारख्या रेघा, लांबी जवळपास दीड फूट. अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाचे ग्रेगरी रिटॅलॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘गोंडवाना रिसर्च’ या नियतकालिकात लिहिलं, की हा डिकिन्सोनियाचा जीवाश्म आहे. डिकिन्सोनिया म्हणजे सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळावर राहणारा, पृथ्वीवरच्या सर्वांत जुन्या प्राण्यांपैकी एक. भारतात तो पहिल्यांदाच सापडल्याचा हा दावा होता.

२०२३ मध्ये त्याच नियतकालिकात फ्लोरिडा विद्यापीठातले जोसेफ मीर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख आला. ही मंडळी स्वतः गुहेत जाऊन आली होती. तोवर तो ठसा खडकावरून सुटू लागला होता. कोट्यवधी वर्षं खडकाचाच भाग होऊन राहिलेला जीवाश्म दोन-तीन वर्षांत असा पापुद्र्यासारखा निघत नाही. तो होता उभ्या भिंतीवर; तिथल्या खडकाचे थर पाहता जीवाश्म दिसायला हवा होता गुहेच्या जमिनीवर किंवा छतावर. आणि आजूबाजूला मधमाश्यांच्या पोळ्यांच्या तशाच खुणा होत्या. डिकिन्सोनिया म्हणून गाजलेली ती आकृती म्हणजे वाळून झडलेल्या मोहोळाचा अवशेष होता. रिटॅलॅक यांनी नवा पुरावा पाहिला आणि उघडपणे मान्य केला.

भोपाळच्या शाळांत नववी ते बारावीला जीवशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मला या दोन बातम्यांतली दुसरी अधिक मोलाची वाटते. पहिल्या बातमीने भीमबेटकाचं नाव मोठं केलं. दुसरीने विज्ञान कसं चालतं ते आपल्या अंगणात येऊन दाखवलं. एखाद्या जिवाला आपण एखाद्या गटात बसवतो, तेव्हा त्याच्या कुळाबद्दल एक दावा करत असतो. त्या दाव्याला पुरावा लागतो, तो पुरावा दुसऱ्या कोणालाही तपासता यावा लागतो, आणि तपासात तो टिकला नाही तर दावा मागे घ्यावा लागतो. वर्गीकरणाचा गाभा एवढाच आहे. आणि नेमका तोच आपण शाळेतल्या बहुसंख्य मुलांपासून काढून घेतला आहे.

त्यावर येण्याआधी, त्या एका ठशावर किती काय अवलंबून होतं ते सांगायला हवं. भीमबेटकाचा खडक विंध्य समूहातला. या समूहाच्या वरच्या थरांचं वय किती, हा भूवैज्ञानिकांतला जुना वाद आहे. मीर्ट आणि इतर काही संशोधक खडकातल्या झिरकॉनच्या कणांवरून ते १०० कोटी वर्षांच्या आसपास नेतात. तिथे डिकिन्सोनिया सापडला असता, तर त्या थराचं वय ५५ कोटींवर आणावं लागलं असतं. म्हणजे भिंतीवरचा एक ठसा कुठल्या गटात घालायचा, या एका निर्णयाने मध्य भारतातल्या खडकांचा इतिहास ४५ कोटी वर्षांनी सरकला असता. वर्गीकरण ही नावं पाठ करण्याची कसरत आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी या आकड्यापाशी क्षणभर थांबावं.

डिकिन्सोनियाची स्वतःची कथाही ऐकण्यासारखी आहे. १९४७ साली रेग स्प्रिग यांनी दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एडियाकारा टेकड्यांतल्या जीवाश्मावरून त्याला हे नाव दिलं. पुढची सत्तर वर्षं हा जीव या गटातून त्या गटात फिरत राहिला. कोणी त्याला जेलीफिशच्या जवळचा म्हटलं, कोणी कृमी, कोणी प्रवाळांचा नातलग. काहींनी त्याला प्राण्यांतून काढून दगडफुलांत नेलं, तर काहींनी अशा जिवांची एक वेगळी सृष्टीच मानली. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियन राष्ट्रीय विद्यापीठातल्या इल्या बोब्रोव्स्की आणि सहकाऱ्यांनी रशियाच्या श्वेत समुद्राकाठच्या जीवाश्मात कोलेस्टेरॉलचे अवशेष शोधून काढले. कोलेस्टेरॉल ही प्राण्यांच्या शरीराची खूण. आकारावरून सत्तर वर्षं न मिटलेला वाद रसायनाने बराचसा मिटवला. नाव तेच राहिलं, जागा पक्की झाली, आणि ती पक्की कशामुळे झाली हेही आपल्याला सांगता येतं.

हा विचार नववीतल्या मुलाला झेपेल का? झेपतो. मी वर्गात टेबलावर शेंगा मांडायची. भोपाळच्या रस्त्यांवर त्यांची कमी नाही. बहाव्याची काळी लांब दांडी, गुलमोहराची लाकडासारखी टणक तलवार, वाऱ्यावर खुळखुळणारी शिरीषाची चपटी शेंग, चिंचेचं बोटूक, घरातून आणलेला मटार आणि भुईमूग. मुलांना सांगायची, गट करा. पहिल्यांदा सगळे आकारावरून गट करतात. लांब एकीकडे, आखूड एकीकडे. मग मटार सोलायला लावायची. शेंग दोन शिवणींवर उघडते आणि दाणे एकाच शिवणीला धरून असतात, एक डाव्या फाकेला, एक उजव्या. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं, की मुलं गुलमोहराची शेंग दोन्ही हातांनी फोडून तीच रचना शोधतात. बहावा उघडत नाही, त्याच्यात चिकट गराचे कप्पे असतात. चिंचेचं टरफल ठिसूळ. भुईमूग तर जमिनीखाली पिकतो. पण मूळ घडण एकच. मग प्रश्न विचारायचा. रस्त्यावरचा भलाथोरला वृक्ष आणि हातभर रोप यांची शेंग एकाच नमुन्याची का असावी? हा नमुना त्यांना एका समान पूर्वजाकडून मिळाला, हे उत्तर चौदा वर्षांचं मूल स्वतःहून देतं.

त्यानंतर शेवग्याची शेंग टेबलावर यायची. इथे तिला मुनगा म्हणतात आणि वरणात ती घरोघरी असते. मुलं तिला बिनदिक्कत बहाव्याशेजारी ठेवतात, दोन्ही लांब आणि गोल. मग वाळलेली शेंग उघडायची. ती दोन नव्हे, तीन फाकांत उघडते, आणि आतल्या बीलाही तीन पंख असतात. घडण पूर्णपणे वेगळी. शेवग्याच्या मुळाची साल चिरडून हुंगली तर मोहरीसारखा झणका नाकात जातो. तो योगायोग नाही. शेवगा हा मोहरी, मुळा, कोबी यांच्या गणातला आहे, आणि तिखटपणा आणणारी रसायनं त्या गणाची खूण आहेत. शेंगेच्या लांबीने जे लपवलं होतं, ते वासाने सांगितलं. भीमबेटकाच्या भिंतीवर फासळ्यांच्या रेघांनी अनुभवी शास्त्रज्ञांना चकवलं, आणि श्वेत समुद्राच्या जीवाश्मात रसायनाने निर्णय दिला. तोच सगळा तर्क एका भाजीच्या शेंगेत आहे.

आपल्याकडे दोन जोशी भेटले तर आडनावावरून नातं लावत नाहीत; त्र्यंबकेश्वरच्या तीर्थपुरोहिताच्या वहीत पणजोबापर्यंत मागे जाऊन पाहतात. जीवशास्त्रातही विसाव्या शतकात हाच पक्का नियम झाला. कार्ल लिनियसने अठराव्या शतकात दुहेरी नावांची पद्धत रूढ केली, आणि त्याच्या ग्रंथाच्या १७५८च्या आवृत्तीपासून प्राण्यांची शास्त्रीय नावं मोजली जातात. पण लिनियसच्या काळी उत्क्रांतीचा विचार नव्हता; त्याचे गट सारखेपणाचे होते. डार्विननंतर वर्गीकरण वंशावळीवर उभं राहायला हवं हे उघड झालं. ते कसं करायचं याची शिस्त जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग यांनी १९५०च्या ग्रंथात घालून दिली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. केवळ सारखेपणा पुरत नाही. एखाद्या शाखेत नव्याने उपजलेली आणि तिच्या वंशजांत उतरलेली लक्षणंच नात्याचा पुरावा देतात. आणि गट करायचा तर त्यात पूर्वज आणि त्याचे सगळे वंशज यायला हवेत, सोयीचे तेवढे निवडून चालत नाही.

या शिस्तीने डोळ्यांना पटणारे काही गट मोडले. भोपाळच्या वनविहारात मगर पाहा आणि घरात भिंतीवरची पाल पाहा. दोघींना खवले, दोघी सरपटणाऱ्या. पण मगरीचं हृदय चार कप्प्यांचं आहे, पक्ष्याच्या हृदयासारखं, आणि हाडांचा व जनुकांचा पुरावाही तेच सांगतो, की मगरीची जवळची नातलग पाल नाही, तळ्याकाठचा बगळा आहे. पक्ष्यांना वगळून केलेला ‘सरीसृप’ हा गट म्हणजे अर्धं कुटुंब.

मध्य प्रदेशच्या मातीत अशी आणखी उदाहरणं आहेत. जबलपूरच्या बारा सिमला टेकडीवर विल्यम स्लीमन यांना १८२८ साली प्रचंड हाडं मिळाली. १८७७ मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी त्यांवरून टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिलं. आधार होता शेपटीचे मणके, पुढून खोलगट आणि मागून गोळ्यासारखे फुगीर. पुढे तसे मणके जगभर अनेक डायनोसॉरांत सापडत गेले. जे लक्षण अनेकांत आहे त्यावरून एकाची ओळख पटत नाही, म्हणून २००३ मध्ये जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी हे नाव टिकण्याजोगं नसल्याचं दाखवलं. त्याच लेखात आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या डायनोसॉरला मात्र इसिसॉरस हे स्वतंत्र नाव मिळालं, कारण त्याचा सांगाडा भरपूर मिळाला होता आणि त्याची लक्षणं फक्त त्याचीच होती. टायटॅनोसॉरसच्या मूळ मणक्यांपैकी हरवलेला समजला गेलेला एक मणका २०१२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कोलकात्यातल्या संग्रहात पुन्हा सापडला. त्या शोधात धनंजय मोहबे यांचा सहभाग होता. ज्या नमुन्यावरून नाव दिलं तो नमुना जपला, तरच पुढच्या पिढीला मागच्या पिढीचं म्हणणं तपासता येतं. संग्रहालयातल्या धूळभरल्या खोक्यांचं मोल इथे आहे.

आणि माणसाचं काय? भोपाळशेजारच्या सीहोर जिल्ह्यात, नर्मदेच्या काठी हथनोरा गावापाशी, ५ डिसेंबर १९८२ रोजी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना मानवी कवटीचा भाग सापडला. एवढा जुना मानवी जीवाश्म भारतात तोवर मिळाला नव्हता. सोनकियांनी त्याला होमो इरेक्टसची नर्मदेकाठची उपप्रजाती म्हटलं. १९९१ मध्ये केनेथ केनेडी यांनी सहकाऱ्यांसह फेरमापन केलं आणि ही कवटी होमो सेपियन्सच्या प्राचीन रूपाच्या जवळची असल्याचं मांडलं. त्या लेखाच्या लेखकांत सोनकियांचंही नाव आहे. स्वतः शोधलेल्या, स्वतः नाव दिलेल्या कवटीबद्दल वेगळ्या निष्कर्षाच्या लेखावर आपलं नाव घालायला मनाचा मोठेपणा लागतो. हा वाद अजून चालू आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मी ही गोष्ट सांगायची तेव्हा वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी एवढी शांतता असायची, कारण ती नर्मदा त्यांच्या सुट्टीतली, मामाच्या गावची नर्मदा होती.

हे सगळं अभ्यासकांपुरतं असतं तरी महत्त्वाचं होतं. पण वर्गीकरण आता न्यायालयात आणि मंत्रालयात पोचलं आहे. भारतातला चित्ता १९५२ मध्ये नामशेष जाहीर झाला. तो आशियाई उपप्रजातीचा, जी आता इराणमध्ये अगदी मोजकी उरली आहे. मध्य प्रदेशातल्या कुनोच्या जंगलात आफ्रिकी चित्ते आणायचं ठरलं तेव्हा प्रश्न उभा राहिला, की ही उपप्रजाती वेगळी आहे, मग याला पुनर्वसन म्हणायचं का? १५ एप्रिल २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आफ्रिकी चित्ते कुनोत आणण्याचा निर्णय रद्द केला आणि गीरचे सिंह तिथे हलवायला सांगितलं. २०२० मध्ये न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर चित्त्यांना परवानगी दिली. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून ८ चित्ते कुनोत उतरले, पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून १२ आले. सिंह मात्र आले नाहीत. मधल्या काळात, २०१७ मध्ये, आययूसीएनच्या मार्जारतज्ज्ञ गटाने गीरच्या सिंहाला पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या सिंहांबरोबर एकाच उपप्रजातीत ठेवलं. उपप्रजाती म्हणजे काय, ती कशावरून ठरते, नव्या पुराव्याने ती कशी बदलते, हे ज्या नागरिकाला ठाऊक नाही त्याला या निर्णयांवर मत तरी कसं बनवता येईल? तो फक्त बाजू घेईल.

आता शाळेकडे येते. करोनाकाळात मुलांवरचं ओझं कमी करायचं म्हणून एनसीईआरटीने पुस्तकांना कात्री लावली. नववीच्या विज्ञानातून ‘सजीवांमधील विविधता’ हा वर्गीकरणाचा धडा गेला. दहावीत ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्यातली उत्क्रांती गेली, आनुवंशिकता तेवढी राहिली. एप्रिल २०२३ मध्ये १८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी एका पत्रावर सह्या करून याला विरोध केला. मध्य प्रदेश मंडळाच्या शाळांतही विज्ञानाला एनसीईआरटीचीच पुस्तकं आहेत, म्हणजे भीमबेटकापासून तासाभराच्या अंतरावर राहणाऱ्या मुलालाही हा विषय मिळेनासा झाला. अकरावी-बारावीत तो आहे असं उत्तर मिळतं. पण तिथे जीवशास्त्र घेणारेच तो शिकतात. वाणिज्य, कला, अभियांत्रिकीकडे जाणाऱ्या मुलांचा या विचाराशी संबंध येतो तो नववी-दहावीतच, आणि उद्याचे बहुतेक वकील, अधिकारी, पत्रकार आणि आमदार त्याच मुलांतून होणार.

ओझं कमी व्हायला हवं, हे मला मान्य आहे. जुन्या धड्यातही सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल अशी उतरंड आणि प्रत्येकाची उदाहरणं घोकून घेतली जात होती. त्यावर उपाय होता धडा नीट शिकवण्याचा. यादी काढून टाका, तर्क ठेवा. दहा संघांची लक्षणं पाठ करण्यापेक्षा एका शेंगेचं नातं मुलाने पुराव्यानिशी सिद्ध करावं. परीक्षेत ‘शेवगा कोणत्या कुलातला?’ असं विचारू नये. दोन चित्रं द्यावीत आणि विचारावं, यांचं नातं ठरवण्यासाठी तू आणखी काय तपासशील?

महाराष्ट्रातल्या वाचकांना हे मुद्दाम सांगते आहे. तुमच्या राज्य मंडळाच्या पुस्तकांत हे विषय शाबूत आहेत. नववीत वनस्पतींचं वर्गीकरण आहे. दहावीत प्राण्यांचं वर्गीकरण आहे आणि ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा विज्ञानाच्या दुसऱ्या भागातला पहिलाच धडा आहे. २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने राज्य मंडळाच्या शाळांत सीबीएसईच्या धर्तीवरचा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने आणण्याचं जाहीर केलं. त्या बदलात हे धडे निसटू देऊ नका. जे आमच्याकडून गेलं, ते तुमच्याकडे अजून आहे.

आमच्याकडच्या मागण्याही स्पष्ट आहेत. नव्या आराखड्यानुसार एनसीईआरटीची पुस्तकं बदलत आहेत. त्यांत नववी आणि दहावीला वर्गीकरण आणि उत्क्रांती एकत्र, एकाच विचाराचे दोन भाग म्हणून याव्यात. वंशावळ सांगितल्याशिवाय वर्गीकरण ही नुसती फडताळं उरतात, आणि गटांचा पुरावा दाखवल्याशिवाय उत्क्रांती ही ऐकीव गोष्ट ठरते. भीमबेटकाच्या ऑडिटोरियम गुहेपाशी हिंदी आणि इंग्रजीत एक फलक लागावा, ज्यावर २०२१चा दावा आणि २०२३चा फेरतपास दोन्ही लिहिलेले असतील. त्यात पुरातत्त्व खात्याला कमीपणा काहीच नाही. आणि भोपाळच्या प्रादेशिक निसर्गविज्ञान संग्रहालयात शाळांच्या सहली जातात तेव्हा मुलांच्या हातात पाहण्यासाठी एक खोकं द्यावं, शेंगांचं, पिसांचं, शंखांचं, आणि त्यांचं नातं त्यांनाच लावू द्यावं.

नवं पुस्तक हाती आलं की पालकांनी पहिल्यांदा अनुक्रमणिका उघडून हे दोन विषय शोधावेत. नसतील तर शाळेच्या पालकसभेत विचारावं, मंडळाला पत्र लिहावं, स्थानिक आमदाराला गाठावं. समोरच्या दाव्याला ‘हे कशावरून?’ असं विचारणारं आणि पुरावा पटला की स्वतःचं मत बदलणारं मूल आपल्याला हवं असेल, तर ती सवय लावण्याची जागा नववीचा विज्ञानाचा तास आहे, आणि तो तास परत मागणं आपलं काम आहे.